ज्या पेशीत ब्रेक नाही, ती थांबते कशी?

धुळे जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. टी पेशी म्हणजे रोगप्रतिकार करणारी एक पांढरी रक्तपेशी; तिच्या पृष्ठभागावरचे सीटीएलए-४ हे प्रथिन म्हणजे त्या पेशीचा ब्रेक, असे वर्गात शिकवले गेले. ज्या उंदरांतून या प्रथिनाचे जनुक काढून टाकले आहे ते तीन-चार आठवड्यांत मरतात, हेही तिने वाचले. पुढे मात्र तिच्या वाचनात असे आले की अशा उंदराची अस्थिमज्जा आणि निरोगी उंदराची अस्थिमज्जा एकत्र करून तिसऱ्या उंदरात घातली, तर तो उंदीर निरोगी राहतो आणि ब्रेक नसलेल्या पेशीही त्याच्या शरीरात शांत राहतात. ब्रेक पेशीतच असेल, तर ज्या पेशीत तो नाही ती थांबते कशी? आणि उंदराच्या प्लीहेतील पेशी घेऊन यातले काही प्रकल्पात तपासता येईल का?

लहान उत्तर आधी देते. सीटीएलए-४ ज्या पेशीवर असते तिला ते काही प्रमाणात आवरतेच, पण त्याचे मोठे काम त्या पेशीच्या बाहेर घडते. ते समोरच्या पेशीवरचा चेतवणारा रेणू ओढून घेते, आणि तो रेणू कमी झाला की आसपासच्या सगळ्याच टी पेशींची चेतना मंदावते, मग त्यांच्याकडे स्वतःचे सीटीएलए-४ असो वा नसो. मिश्र अस्थिमज्जेच्या उंदरातल्या तुमच्या 'ब्रेक नसलेल्या' पेशी शेजाऱ्यांमुळे शांत असतात.

तुमचा खरा प्रश्न मात्र मला एका प्रथिनापेक्षा मोठा वाटतो. एखादे जनुक काढल्यावर प्राण्यात जो बिघाड दिसतो, त्याचे खापर ज्या पेशीतून ते जनुक गेले तिच्याच माथी मारता येते का? प्रथिन कुठे बसले आहे आणि त्याचे काम कुठे घडते, या दोन गोष्टी आपण सहज एक धरतो. मी वीसेक वर्षे उंदरांच्या टी पेशींवर काम केले, आधी पुण्यात आणि नंतर इथे जळगाव जिल्ह्यात शिकवता शिकवता, आणि ही गल्लत मी विद्यार्थ्यांच्याच नव्हे तर जाणत्या माणसांच्या लिखाणातही पाहिली आहे. म्हणून जरा मुळापासून सांगते.

टी पेशी जागी व्हायला दोन खुणा लागतात. डेंड्रिटिक पेशी जंतूच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशीचा ग्राही त्यातला आपला तुकडा ओळखतो, ही पहिली खूण. दुसरी खूण अशी की डेंड्रिटिक पेशीवरची बी७ कुळातली दोन प्रथिने, सीडी८० आणि सीडी८६, टी पेशीवरच्या सीडी२८ ला भेटतात. पहिली खूण मिळाली आणि दुसरी नाही, तर टी पेशी वाढण्याऐवजी बधिर होऊन बसते. ही अट शरीराच्या हिताची आहे, कारण डेंड्रिटिक पेशीवर बी७ भरपूर येते ते तिला जंतूची चाहूल लागल्यावर. एरवी आपल्याच ऊतीचा तुकडा समोर आला तर दुसरी खूण अपुरी राहते आणि टी पेशी आपल्याच अवयवावर उठत नाही.

सीटीएलए-४ चे जनुक १९८७ मध्ये मार्सेच्या संशोधकांनी उंदराच्या मारक टी पेशींतून वेगळे केले, तेव्हा त्याचे काम कोणालाच ठाऊक नव्हते. ते सीडी२८ चे भावंड निघाले. उंदरात दोघांची जनुके पहिल्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी आहेत. १९९१ मध्ये पीटर लिन्स्ले यांच्या गटाने दाखवले की सीटीएलए-४ सुद्धा बी७ लाच चिकटते, आणि तेही सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्ट. सीडी८० च्या बाबतीत ही घट्टाई साधारण वीसपट भरते. त्यातच सीटीएलए-४ चा एक जोडरेणू दोन्ही हातांनी दोन बी७ धरू शकतो, सीडी२८ चा जोडरेणू मात्र एका वेळी एकच धरतो. म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोन दावेदार, आणि त्यातला उशिरा येणारा अधिक बळकट. उशिरा अशासाठी की सीडी२८ निवांत टी पेशीवरही कायम असते, तर साध्या टी पेशीवर सीटीएलए-४ चांगले दिसू लागते ते चेतना मिळाल्यानंतर एक-दोन दिवसांनी.

हे प्रथिन चेतवते की आवरते, यावर काही वर्षे खरोखरच वाद होता, आणि त्या वादाचे एक कारण तुमच्याही कामाचे आहे. सीटीएलए-४ ला चिकटणाऱ्या एकाच प्रतिपिंडाचा दोन्ही हात असलेला पूर्ण रेणू वापरला आणि तो दुसऱ्या प्रतिपिंडाने किंवा मण्यावर एकत्र बांधला, तर तो सीटीएलए-४ चे रेणू एकत्र ओढून पेशीला आवरतो; त्याचाच एकहाती तुकडा वापरला तर तो फक्त वाट अडवतो आणि पेशी उलट जास्त वाढते. १९९४ आणि १९९५ मध्ये जेफ्री ब्लूस्टोन आणि जेम्स अ‍ॅलिसन यांच्या प्रयोगशाळांनी ही गोष्ट स्वच्छ मांडली आणि आवरण्याची बाजू भक्कम झाली. पुढे १९९६ मध्ये अ‍ॅलिसन यांच्या गटाने हेच प्रथिन अडवून उंदरांतल्या गाठी जिरवल्या. त्या वाटेने २०११ मध्ये त्वचेच्या मेलानोमा कर्करोगावर पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले, आणि २०१८ चे नोबेल अ‍ॅलिसन यांना तासुकू होंजो यांच्याबरोबर मिळाले.

तुम्ही वाचलेला नॉकआउट, म्हणजे जनुक काढून टाकलेला, उंदीर १९९५ चा. टोरांटोमध्ये टॅक मॅक आणि बॉस्टनमध्ये आर्लीन शार्प यांच्या गटांनी तो स्वतंत्रपणे तयार केला. पिल्लू जन्मताना ठीक असते. पाहता पाहता लसिकाग्रंथी आणि प्लीहा फुगतात, टी पेशी हृदयाच्या स्नायूत, स्वादुपिंडात आणि इतर अवयवांत घुसतात, आणि तीन-चार आठवड्यांत पिल्लू मरते. हे चित्र पाहून 'प्रत्येक टी पेशीतला ब्रेक निघाला, म्हणून प्रत्येक टी पेशी सुटली' असे म्हणणे अगदी स्वाभाविक होते, आणि पाठ्यपुस्तकांत तेच उतरले.

पण याच उंदरांवरचे पुढचे प्रयोग शेजारी ठेवून पाहा. या पिल्लांना जन्मापासून सीटीएलए४-आयजी दिले, म्हणजे सीटीएलए-४ चा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडून केलेले विरघळणारे प्रथिन, तर ती आजारी पडत नाहीत. हे प्रथिन कोणत्याही टी पेशीच्या आत ब्रेक बसवत नाही, ते फक्त बी७ झाकून टाकते. ज्या उंदरात सीटीएलए-४ नाही आणि बी७ ची दोन्ही प्रथिनेही नाहीत, तोही निरोगी राहतो. सीटीएलए-४ आणि सीडी२८ दोन्ही काढले, तरीही तो भयंकर आजार होत नाही. तिन्ही प्रयोग एकाच दिशेला बोट दाखवतात: बिघाडाचे मूळ म्हणजे मोकळे सुटलेले बी७ आणि ते पिणारे सीडी२८. दुसरी खूण अमर्याद मिळत राहिली की आजार, ती कुठल्याही मार्गाने तोडली की आराम. एवढ्यावरूनही ब्रेक कुठे आहे हे ठरत नाही, पण तो पेशीच्या आतच असला पाहिजे ही सक्ती उरत नाही.

ती गाठ सोडवली मिश्र अस्थिमज्जेच्या प्रयोगाने, आणि तो १९९९ चा आहे. ज्या उंदराला स्वतःच्या टी आणि बी पेशी बनवताच येत नाहीत, त्याला नुसती नॉकआउट अस्थिमज्जा दिली तर आजार होतो. तीच निरोगी अस्थिमज्जेत मिसळून दिली तर होत नाही. अशा प्रयोगात दोन घरच्या पेशी ओळखू याव्यात म्हणून सहसा एक खूण वापरली जाते: सीडी४५ या प्रथिनाची दोन रूपे असतात, एका दात्याच्या पेशींवर पहिले आणि दुसऱ्याच्या पेशींवर दुसरे, आणि दोन रंगांच्या प्रतिपिंडांनी त्या फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीवरचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर, सरळ वेगळ्या पडतात. या मांडणीचे मला नेहमी अप्रूप वाटते, कारण दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच शरीरात, एकाच जंतूंत, एकाच रक्तात वाढतात. फरक जनुकाचा असेल तर तो इथेच दिसला पाहिजे, आणि शेजाराचा असेल तर इथेच पुसला गेला पाहिजे. सीटीएलए-४ च्या बाबतीत तो जवळजवळ पुसला गेला.

मग शेजारी कोण? इथे नियामक टी पेशी, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या टी पेशी, येतात. उंदराच्या सीडी४ (मदतनीस) टी पेशींपैकी साधारण पाच ते दहा टक्के पेशी या जातीच्या असतात, आणि त्यांच्यात सीटीएलए-४ चेतनेची वाट न पाहता कायम भरलेले असते. २००८ मध्ये शिमोन साकागुची यांच्या गटाने फक्त नियामक टी पेशींतून हे जनुक काढले. बाकी सगळ्या टी पेशींत ते शाबूत होते, तरी उंदीर स्वतःच्याच अवयवांवर उलटलेल्या प्रतिकाराने मेले, अर्थात पूर्ण नॉकआउटपेक्षा काही आठवडे उशिरा. तुमच्या मिश्र उंदराचे कोडे इथे उलगडते: त्यातल्या निरोगी अस्थिमज्जेने निरोगी नियामक पेशी पुरवल्या, आणि नॉकआउट पेशींचा बंदोबस्त त्यांनी केला. याच साकागुची यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर २०२५ चे नोबेल मिळाले, ते या नियामक पेशींच्या शोधांसाठीच.

बंदोबस्त नेमका कसा होतो, हे २०११ मध्ये प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दिसले असे मी वर्गात सांगते, कारण डेव्हिड सॅन्सम यांच्या गटाचा तो प्रयोग डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. त्यांनी एका पेशीवरच्या सीडी८६ ला हिरवी चमक देणारी शेपटी जोडली आणि तिच्या शेजारी सीटीएलए-४ असलेली दुसरी पेशी ठेवली. काही तासांत हिरवे ठिपके पहिल्या पेशीच्या काठावरून नाहीसे होऊन दुसऱ्या पेशीच्या पोटात दिसू लागले. दुसऱ्या पेशीने शेजारणीचा सीडी८६ ओढून गिळला होता आणि आत ती तो पचवत होती. सीटीएलए-४ ची आतली शेपटी याच कामाला साजेशी आहे: तिच्यावरची एक छोटी खूण पेशीच्या आत खेचणाऱ्या यंत्रणेला धरते, त्यामुळे हे प्रथिन पृष्ठभागावर फार वेळ टिकत नाही, सतत आतबाहेर करत राहते आणि त्याचा मोठा साठा पेशीच्या आतच सापडतो. 'पेशीपृष्ठावरचे प्रथिन' हे याचे वर्णन म्हणूनच अर्धेच खरे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे विहिरीवरून चटकन समजते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात शेजाऱ्याने खोल बोअर घेऊन मोठी पाणबुडी मोटार टाकली, तर माझ्या जुन्या विहिरीला एप्रिलमध्येच तळ दिसू लागतो. माझी मोटार बिघडलेली नाही, माझ्या शेतात कोणी काही बंद केलेले नाही. जमिनीखालचे पाणीच उतरले आहे. सीडी२८ ही माझी लहान मोटार, नियामक पेशीचे सीटीएलए-४ ही शेजाऱ्याची मोठी मोटार, आणि बी७ हे दोघांखालचे एकच पाणी. पूर्ण नॉकआउट उंदरात मोठी मोटार कोणाकडेच नाही, म्हणून पाणी सदा वर आणि प्रत्येक शेताला अहोरात्र भरणे चालू. मिश्र उंदरात निम्म्या शिवारात मोठ्या मोटारी आहेत, आणि पाणी सगळ्यांचेच उतरते. दृष्टान्त इथवरच ताणावा. शेजारी ते पाणी निदान केळीला देतो, नियामक पेशी मात्र ओढलेला बी७ नुसता मोडून टाकते. आणि डेंड्रिटिक पेशी नवा बी७ बनवत राहते, त्यामुळे पातळी कुठे ठरेल हे नियामक पेशी किती आहेत आणि जंतूची चाहूल किती तीव्र आहे यावर अवलंबून असते.

इथवरचे एका दमात: सीटीएलए-४ नसल्याने होणारा आजार बी७ आणि सीडी२८ वर उभा आहे; तो मिश्र उंदरात होत नाही, म्हणून तो एकेका पेशीपुरता नाही; आणि आवर घालण्याचे मुख्य काम नियामक पेशी शेजारच्या पेशीवरचा बी७ काढून करतात.

आता 'मुख्य' या शब्दाबद्दल. साध्या टी पेशीतल्या सीटीएलए-४ ला काहीच काम नाही, असे मी म्हणत नाही. २०१० च्या सुमारास दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले की सगळ्या अवयवांचे पूर्ण रक्षण व्हायला नियामक आणि साध्या अशा दोन्ही पेशींत ते लागते, आणि स्वतःच्याच ऊतीला ओळखणाऱ्या पेशींना ते आतूनही आवरते. त्यामुळे 'आतला ब्रेक की बाहेरचा' असे एकच एक उत्तर मागणाऱ्याला मी थांबवते. कोणती पेशी, कोणता प्रतिजन, उंदराचे वय किती, हे आधी सांगा. वयाचे उदाहरण बोलके आहे. हेच जनुक मोठ्या वयात, औषध देऊन, ठरावीक वेळी काढले तर पिल्लांसारखा झपाट्याचा मृत्यू दिसत नाही. आजार होतो, पण त्याचा चेहरा वेगळा असतो. केवळ नियामक पेशींतून प्रौढ वयात ते काढले, तर मेंदू-मज्जेच्या एका प्रायोगिक आजाराला उंदीर उलट अधिक दाद देईनासे होतात, असेही २०१५ मध्ये दिसले.

उंदराची जातही तितकीच मोलाची. शेजारच्या पीडी-१ या प्रथिनावरून हे फार चांगले कळते. होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये ते शोधले. पीडी-१ च्या आतल्या शेपटीवर अशा जागा आहेत की तिथे एसएचपी-२ हे विकर येऊन बसते आणि चेतनेच्या साखळीतले फॉस्फेट काढून टाकते. म्हणजे हा खरोखर स्वतःच्या पेशीतला ब्रेक, आणि तुमच्या वर्गातली उपमा त्याला चपखल बसते. तेच जनुक सी५७ब्लॅक/६ जातीच्या उंदरातून काढले तर म्हातारपणाकडे झुकताना सांध्यांचा आणि मूत्रपिंडाचा दाह होतो. बॅल्ब/सी जातीतून काढले तर हृदय फुगून निकामी होते. प्रथिन एक, जनुक एक, आणि आजार जातीनुसार दोन वेगळ्या अवयवांत. 'उंदरात असे होते' हे वाक्य मी म्हणूनच जातीचे नाव घातल्याशिवाय विद्यार्थ्यांना लिहू देत नाही. माणसाकडे वळताना तर आणखी सावध राहावे लागते: ज्या उंदरात सीटीएलए-४ ची एकच प्रत गेली आहे तो बाहेरून ठणठणीत दिसतो, पण माणसात एकाच प्रतीतल्या बिघाडाने गंभीर प्रतिकारविकार होऊ शकतो, हे २०१४ मध्ये दोन गटांनी नोंदवले.

तुमच्या प्रकल्पाकडे येण्याआधी माझी एक चूक सांगते, कारण ती तुम्हीही कराल अशी मला भीती आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी बर्फावर ठेवून, बाहेरून रंगवून सीटीएलए-४ शोधत होते. आलेखावर काहीच सरकत नव्हते. रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या पेशींच्या टेकड्या एकावर एक. मी प्रतिपिंड खराब ठरवले, नवीन मागवले, आणि दोन आठवडे वाया घालवले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, 'अगं, पण ते पृष्ठभागावर आहे कुठे?' पेशी स्थिर करून, सॅपोनिनने त्यांच्या पटलाला छिद्रे पाडून रंगवल्या, तेव्हा नियामक पेशींची टेकडी उजवीकडे सरकून स्पष्ट वेगळी उभी राहिली. दुसरा उपाय म्हणजे जिवंत पेशी रंगीत प्रतिपिंडासह ३७ अंश सेल्सिअसला तास-दोन तास ठेवणे; आतबाहेर करणारे प्रथिन वर आले की प्रतिपिंड पकडते आणि आत घेऊन जाते, त्यामुळे फेऱ्या मारणारा सगळा साठा मोजला जातो. बर्फावर या फेऱ्याच थांबलेल्या असतात.

आता तुम्हाला काय करता येईल ते. नॉकआउट उंदीर तुमच्या महाविद्यालयात मिळणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. गरज आहे ती शुद्ध जातीच्या उंदरांची. आपल्या भागातल्या बऱ्याच महाविद्यालयांत स्विस पांढरे उंदीर असतात, कारण ते औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चालतात. ते या प्रयोगासाठी घेऊ नका. स्विस उंदीर शुद्ध वंशाचे नसतात, त्यामुळे दोन स्विस उंदरांच्या पेशी एका भांड्यात मिसळल्या की त्या एकमेकींना परके समजून पेटू शकतात, आणि तुम्ही सीटीएलए-४ मोजता आहात की हा परकेपणा, हे देवालाही सांगता येणार नाही. बॅल्ब/सी किंवा सी५७ब्लॅक/६ यांपैकी एकच जात घ्या, एकाच वयाच्या माद्या घ्या, आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी उंदीर मागवण्याआधी हातात ठेवा. पुण्या-मुंबईहून उंदीर आणणार असाल तर एप्रिल-मे टाळा. भुसावळ-जळगावच्या उन्हात प्रवास करून आलेल्या उंदराच्या रक्तात ताणाची संप्रेरके चढलेली असतात, त्याने टी पेशी घडवणारा थायमस हा अवयव आक्रसतो आणि पेशींची गणिते बिघडतात. कोणत्याही ऋतूत आणले तरी थंड प्राणीगृहात निदान एक आठवडा त्यांना स्थिरावू द्या.

एका प्लीहेतून साधारण आठ-दहा कोटी पेशी मिळतात. दोन खरखरीत काचपट्ट्यांमध्ये प्लीहा अलगद चोळली की गडद लाल पाणी तयार होते, त्यातल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडल्या की तळाशी पांढुरकी गोळी बसते. चुंबकी मण्यांनी सीडी४ आणि सीडी२५ या दोन खुणांवरून नियामक पेशी वेगळ्या काढता येतात. हिशेबाने एका प्लीहेत त्या दहा-वीस लाख भरतात, प्रत्यक्षात हाती त्याहून कमी लागतात, म्हणून तीन-चार प्लीहा एकत्र करण्याची तयारी ठेवा.

इथे एक सापळा आहे, आणि बहुधा तुमच्या वाचनातल्या गोंधळाचे दुसरे कारणही तोच आहे. टी पेशी चेतवण्याची सोपी रीत म्हणजे सीडी३ (टी पेशीच्या ग्राहीला जोडलेले प्रथिन) आणि सीडी२८ यांच्यावरचे प्रतिपिंड लावलेले मणी. ही रीत सीटीएलए-४ च्या या कामासाठी निरुपयोगी आहे. मण्यावर बी७ नाहीच. दुसरी खूण थेट प्रतिपिंडातून मिळते आहे. ज्या विहिरीतून पाणी ओढायचे ती विहीरच भांड्यात नाही. अशा भांड्यातही नियामक पेशी शेजारणींना दाबतात, पण तिथे इंटरल्यूकिन-२ हे वाढीचे द्रव्य शोषून घेण्यासारखे त्यांचे इतर मार्ग चालतात. मण्यांच्या प्रयोगात प्रतिपिंडाने सीटीएलए-४ अडवून फरक पडला नाही, एवढ्यावरून ते बिनकामाचे ठरवणारे निष्कर्ष मी वाचले आहेत, आणि ते मला मान्य नाहीत.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर टी पेशींची वाढ मोजण्याच्या मागे लागले नसते. वाढीवर दहा गोष्टींचा परिणाम होतो. मी डेंड्रिटिक पेशींवरचा सीडी८६ मोजला असता, कारण सीटीएलए-४ चे काम तिथे घडते. प्लीहेतल्या सीडी११सी ही खूण असलेल्या, म्हणजे डेंड्रिटिक, पेशी घ्या, थोडे विरघळलेले सीडी३ विरोधी प्रतिपिंड घाला, आणि चार भांडी लावा. एकात डेंड्रिटिक पेशी एकट्या. दुसऱ्यात त्यांच्याबरोबर साध्या टी पेशी. तिसऱ्यात तेवढ्याच संख्येने नियामक पेशी. चौथ्यात नियामक पेशी आणि सीटीएलए-४ अडवणारे प्रतिपिंड. पहिले भांडे वगळू नका, कारण शरीराबाहेर काढलेली डेंड्रिटिक पेशी एका रात्रीत आपोआपच सीडी८६ वाढवते आणि ती वाढ किती, हे ठाऊक नसेल तर बाकीचे आकडे वाचताच येत नाहीत. दुसरे भांडे गर्दीचा हिशेब देते. तिसऱ्यात सीडी८६ दुसऱ्यापेक्षा उतरला आणि चौथ्यात परत चढला, तर तुम्ही हे प्रथिन शेजारच्या पेशीवर काम करताना पाहिलेत असे म्हणता येईल. हा प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या उंदरांवर करा. एकाच दिवशी एकाच प्लीहेची तीन भांडी लावणे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

फ्लो सायटोमीटर जवळ नसेल तर पेशी रंगवून एक ते दोन टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करा, अंधारात चार अंशांवर ठेवा, आणि थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांसह दुसऱ्या दिवशी यंत्रापाशी पोहोचवा. पेशी गोठता कामा नये, म्हणून नळ्या आणि पाकिटे यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवा.

शेवटची सूचना अडवण्याच्या पदार्थाबद्दल. कोणी तुम्हाला चौथ्या भांड्यात प्रतिपिंडाऐवजी सीटीएलए४-आयजी घालायला सांगेल, कारण त्यानेही दुसरी खूण तुटते. या मांडणीत ते घालू नका. ते स्वतःच सीडी८६ वर जाऊन बसते, तुमच्या रंगीत प्रतिपिंडाला तिथे जागा उरत नाही, आणि सीडी८६ पेशीवर जागच्या जागी असूनही आलेखावर नाहीसा झालेला दिसतो.